रोज आनंद निवडतोय, तरी आनंदी का नाही?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तर देण्याआधी तो मला जसा कळला तसा मांडते, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर तुमच्या लक्षात येईल.

गेल्या वर्षभरात ‘आनंद ही निवड आहे’ असं सांगणारी चार पुस्तकं तुम्ही लागोपाठ वाचलीत. तेव्हापासून रोज सकाळी कृतज्ञतेच्या दहा ओळी लिहिता, आरशासमोर ‘आजचा दिवस मी आनंदात घालवणार’ असं म्हणता आणि रात्री झोपण्यापूर्वी दिवसाला दहापैकी गुण देता. आठ महिने झाले, सरासरी पाचाच्या वर जात नाही. नोकरी ठीक आहे, घरात कुणाचं आजारपण नाही. बायको म्हणते, पुस्तकं वाचायला लागल्यापासून तू जास्त चिडचिडा झालायस. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘आनंद ही खरंच निवड असेल, तर मी रोज चुकीची निवड करतोय का?’

नाही, करत नाही आहात. मी बावीस वर्षं समुपदेशन करते आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर शेकडो वेळा आला आहे. अलीकडे तो वाढलाय. पूर्वी लोक नुसते दुःखी असायचे; आता दुःखी असतात आणि दुःखी असल्याबद्दल अपराधीही असतात. मला तुमच्या प्रश्नात खरी अडचण ही दुसरी दिसते. आनंद कमी पडतोय हे एक झालं, पण तो कमी पडतोय याचा ठपका तुम्ही रोज रात्री सहीनिशी स्वतःवर ठेवताय.

पुढचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती इथून मला दिसत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ, दिवसाचा बराचसा वेळ, मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, अंगात शक्ती नसल्यासारखं वाटत असेल, तर हा निवडीचा विषय नाही. तो नैराश्याचा आजार असू शकतो, आणि त्याला उपचार आहेत. अशा वेळी आधी डॉक्टरांकडे जा. थायरॉईडची कमतरता, रक्तक्षय, बी-१२ची उणीव यांनीही माणूस असाच विझल्यासारखा होतो, त्यामुळे मी माझ्याकडे येणाऱ्यांना बरेचदा आधी रक्त तपासून यायला सांगते. आणि जगणं नको वाटत असेल, तर हे उत्तर इथेच ठेवा आणि आजच घरात कुणाला तरी सांगा. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, पण चार ओळींवरून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तसं नाही असं धरून पुढे लिहिते.

आधी माझी स्वतःची एक गोष्ट. सात वर्षांपूर्वी माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. तपासण्या झाल्या, काळजीचं कारण निघालं नाही, पण आवाज जाईलच असंही कुणी म्हणालं नाही. पहिले काही महिने सकाळी डोळे उघडायच्या आत माझं पहिलं काम एकच असायचं, आवाज आहे का ते ऐकणं. तो असायचाच. मग मी ठरवायचे की आज त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही, आणि लक्ष जात नाहीये ना हे बघण्यासाठी दर थोड्या वेळाने कान द्यायचे. दिवसभर घर शांत नसायचं तरी मला शिट्टीच ऐकू यायची. आज सात वर्षांनी आवाज तेवढाच आहे. हे वाक्य लिहिताना तो मला ऐकू आला, कारण मी त्याचा विषय काढला. पण काल दिवसभरात तो किती वेळा ऐकू आला हे मला आठवत नाही. मी तो आवाज बंद करणं निवडलं नाही, ते माझ्या हातात नव्हतंच. मी फक्त तपासणं सोडलं, तेही एका झटक्यात नाही, आणि बाकीच्या कामांत गुंतत गेले.

‘मी आनंदी आहे का’ हा प्रश्न माझ्या त्या सकाळच्या कान देण्यासारखा आहे. विचारला की उत्तर बहुतेक वेळा ‘तितकासा नाही’ असंच येतं.

हे माझ्यापुरतं नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्कूलर, एरिएली आणि लोवेन्स्टाइन या संशोधकांनी लोकांना स्ट्राविन्स्कीच्या संगीताचा एक तुकडा ऐकवला. काहींना नुसतं ऐका म्हणून सांगितलं. काहींना सांगितलं, ऐकताना आनंदी होण्याचा प्रयत्न करा. काहींना आपला आनंद क्षणोक्षणी मोजायला लावलं. प्रयत्न करणाऱ्यांची आणि मोजणाऱ्यांची मनःस्थिती नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा वाईट निघाली. २०११ मध्ये आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी याच्याही पुढची गोष्ट दाखवली. काही स्त्रियांना आधी आनंदी असणं किती महत्त्वाचं आहे यावरचा मजकूर वाचायला दिला आणि मग चित्रफीत दाखवली. दुःखी चित्रफीत पाहणाऱ्यांमध्ये त्या मजकुराने फरक पडला नाही. आनंदी चित्रफीत पाहणाऱ्यांना मात्र, तो मजकूर न वाचलेल्यांपेक्षा कमी आनंद झाला. कारण सरळ आहे. दुःखाच्या प्रसंगी आनंदाची अपेक्षाच नसते. सगळं ठीक असताना आनंद वाटला नाही, की माणूस आपल्यातच खोट शोधतो.

तुम्ही लिहिलंय, ‘नोकरी ठीक आहे, घरात कुणाचं आजारपण नाही.’ म्हणजे तुम्ही नेमके त्या दुसऱ्या गटात आहात. आठ महिने रोज सकाळी तो मजकूर वाचताय आणि रोज रात्री मोजताय. चिडचिड वाढली नसती तरच मला आश्चर्य वाटलं असतं.

आता पुस्तकांबद्दल. मी त्यांच्या विरोधात नाही; त्यांतल्या बऱ्याच गोष्टी मीही लोकांना सांगते. पण दोन गोष्टी इतक्या वेळा चुकीच्या सांगितल्या जातात की त्यांनी माणसांचं नुकसान होताना मी पाहिलंय.

एक म्हणजे ती वर्तुळाकृती आकृती: ५० टक्के आनंद जन्मजात, १० टक्के परिस्थितीचा, उरलेला ४० टक्के तुमच्या हातात. ही मांडणी २००५ मध्ये ल्युबोमिर्स्की, शेल्डन आणि श्काडे यांनी केली. ते आकडे माणसामाणसांतल्या फरकाचे आहेत, एका माणसाच्या आनंदाचे भाग नाहीत. वर्गातल्या सगळ्या मुलांना सारखाच सकस आहार मिळत असेल, तर त्यांच्या उंचीतला जवळजवळ सगळा फरक आनुवंशिक निघेल. म्हणून आहाराचं महत्त्व शून्य ठरतं का? आहार तोडून पाहा, सगळी मुलं खुरटतील. तसंच, परिस्थितीचे १० टक्के म्हणजे तुमच्या परिस्थितीला तुमच्या आयुष्यात दहाच टक्के किंमत आहे असं नाही. पुढे खुद्द मूळ लेखकांपैकी दोघांनी ४०चा आकडा बहुधा जास्त होता हेही मान्य केलं. प्रयत्नांचा उपयोग होतो या म्हणण्यावर ते ठाम राहिले, आणि मीही आहे. पण ‘४० टक्के माझ्या हातात होते आणि मी ते वाया घालवले’ असा हिशोब कुणीही स्वतःच्या माथी मारू नये.

दुसरी गोष्ट लॉटरीची. लॉटरी लागलेले आणि अपघातात अपंग झालेले लोक काही काळाने सारखेच आनंदी असतात, हे तुम्ही एखाद्या पुस्तकात वाचलं असणारच. त्याचा उगम ब्रिकमन आणि सहकाऱ्यांच्या १९७८च्या अभ्यासात आहे. त्यात लॉटरी लागलेले २२ जण होते, सर्वसाधारण २२ आणि अपघाताने कमरेखालचं अंग किंवा दोन्ही हात-पाय लुळे झालेले २९. सध्याच्या आनंदाला पाचपैकी त्यांनी दिलेले सरासरी अंक असे: लॉटरीवाले ४, सर्वसाधारण ३.८२, अपघातग्रस्त २.९६. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे आनंदी नव्हते, हे खरं. अपघातग्रस्त वाटलं होतं त्यापेक्षा बरे होते, हेही खरं. पण ‘सारखेच’ कुठे आहेत? जर्मनीत २४ हजारांहून अधिक लोकांचा पंधरा वर्षं मागोवा घेतलेल्या अभ्यासातही, नोकरी गेलेल्यांचं समाधान नवी नोकरी मिळाल्यावरसुद्धा सरासरीने पूर्वपदावर आलं नाही. परिस्थिती खोल खुणा सोडते. म्हणून ‘आनंद निवड’ हे वाक्य फार तर स्वतःला म्हणावं. दुसऱ्याला, त्यातही अडचणीत असलेल्या माणसाला, कधीही सांगू नये. मला याची फार चीड आहे, ती इथे लपवत नाही.

मग काहीच निवडता येत नाही का? येतं. त्यासाठी एका बाईंबद्दल सांगते. तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.

त्या सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करत होत्या. माझ्याकडे आल्या तेव्हा पर्समध्ये एक छोटी वही होती आणि प्रत्येक पानावर चांगली वाक्यं लिहिलेली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, मन खंबीर केलं की आनंद आपोआप येतो. आमच्या पहिल्या तीन भेटींत आनंद हा शब्द एकदाही आला नाही. आम्ही कागदावर आठवड्याचं वेळापत्रक मांडलं आणि त्यात दोन रिकाम्या जागा शोधल्या. मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा. त्या वेळात दीर येऊन बसतील, हे त्यांनी दिरांना विचारायचं होतं. सहा वर्षांत त्यांनी ते विचारलंच नव्हतं. विचारायला त्यांना सोळा दिवस लागले. दीर लगेच हो म्हणाले.

पहिले दोन आठवडे त्या चार तासांत त्या बहिणीकडे जाऊन नुसत्या झोपल्या. तिसऱ्या आठवड्यात पोहायला गेल्या. लग्नाआधी चांगलं पोहायच्या. आणि त्या शुक्रवारी घरी परतताना जिना चढता चढता त्या गुणगुणत होत्या. हे त्यांनी मला सांगितलं ते रडत. मी विचारलं, मग काय झालं? म्हणाल्या, ‘दुसऱ्या मजल्यावर लक्षात आलं, मी गातेय. आणि मी थांबले. आत त्या तशा पडल्यात आणि मी गाते?’

बावीस वर्षांत मला शिकायला मिळालेल्या गोष्टींतली ही सगळ्यात मोठी आहे. आनंद बोलावून येत नाही. पण तो येतो तेव्हा त्याला दारातून परत पाठवणं आपल्याला जमतं, आणि ते आपण फार सफाईने करतो. कुणी अपराधी वाटून पाठवतं. कुणी ‘हे टिकणार थोडंच’ म्हणून. कुणी दृष्ट लागेल म्हणून. आणि तुमच्यासारखं कुणी, तो आला की लगेच त्याचं वजन करायला घेतं. त्या बाईंपुढे निवड होती ती दुसऱ्या मजल्यावर: थांबायचं की उरलेल्या पायऱ्या गुणगुणतच चढायच्या. त्यावर आम्ही पुढचे दोन महिने काम केलं. सासूबाईंचं आजारपण होतं तसंच होतं.

पण त्या जिन्यापर्यंत पोचायला आधी दिरांना विचारावं लागलं, हे विसरू नका. वाटणं हातात नसतं. काय करायचं, कुणाला विचारायचं, कशाला नाही म्हणायचं, हे बरंचसं असतं. कधी कधी तीच खरी निवड असते आणि ती अवघड असते. रोज अपमान करणाऱ्या वरिष्ठाच्या हाताखाली ‘मी आनंदी आहे’ म्हणत राहणं सोपं, बदलीचा अर्ज देणं कठीण.

आपल्या भाषेत यासाठी एक छान शब्द आहे, प्रसन्न. आपण तो आनंदीच्या अर्थाने वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ निवळलेलं, स्वच्छ. संस्कृतात नितळ पाण्यालाही प्रसन्न म्हणतात. गढूळ पाणी हाताने स्वच्छ करता येत नाही, हात घातला की आणखी गढूळ होतं. ढवळणं थांबवलं की गाळ आपला आपण खाली बसतो. मला ‘आनंद निवडा’पेक्षा हे जास्त खरं वाटतं.

तर आतापर्यंतचं थोडक्यात: आजार नाही याची खात्री करा, मोजल्याने आनंद आटतो, पुस्तकांतले ते आकडे तुमच्यावर आरोप ठेवण्यासाठी नाहीत, आणि निवड असलीच तर ती कृतीत आणि आलेल्या आनंदाला बसू देण्यात आहे. आता तुम्ही नेमकं काय करावं ते सांगते.

रात्रीचे गुण देणं आजपासून बंद करा. निदान सहा आठवडे. हात शिवशिवतील, मनातल्या मनात आकडा येईल. येऊ दे, लिहू नका.

कृतज्ञतेची वही टाकून देऊ नका, पण ती रविवारवर आणा. ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांच्या एका पाहणीत आठवड्यातून एकदा असं लिहिणारे आणि तीनदा लिहिणारे यांची तुलना केली. फायदा एकदा लिहिणाऱ्यांना दिसला. रोज दहा ओळी म्हटलं की चौथ्या दिवसापासून माणूस ‘आरोग्य, कुटुंब, सूर्यप्रकाश’ अशी हजेरी लावतो. तुमची शेवटची आठ पानं काढून पाहा. एकाच एका गोष्टीबद्दल लिहा, पण ती गेल्या आठवड्यात घडलेली हवी आणि तिच्यात एक माणूस हवा. तो काय म्हणाला, कुठे उभा होता, इतकं बारीक लिहा.

आरशासमोरचं वाक्य सोडा. त्याच्या जागी आदल्या रात्री उद्याची एक कृती ठरवा, वेळ आणि जागेसकट. ही पद्धत मी नैराश्यावरच्या उपचारांतून घेतली आहे. १९९६ मध्ये जेकबसन आणि सहकाऱ्यांनी विचार बदलण्यावर भर देणारी संपूर्ण उपचारपद्धती आणि तिच्यातला फक्त कृतींचा भाग यांची तुलना केली, आणि नुसत्या कृतींचा भागही तितकाच प्रभावी ठरला. मूड आला की करू, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आधी हात हलतात आणि मूड मागून येतो.

कोणती कृती? ती तुम्ही स्वतःच लिहून ठेवली आहे, बहुतेक लक्षात न येता. शेवटून तिसऱ्या ओळीत तुम्ही म्हणता, ‘पूर्वी सायकल दुरुस्त करण्यात तासन्‌तास जायचे, आता ती जिन्याखाली गंजत पडलीय.’ तुमच्या सगळ्या मजकुरात हेच एक वाक्य आहे ज्यात तुम्ही स्वतःकडे पाहत नाही, सायकलकडे पाहताय.

शनिवारी सकाळी सात ते साडेसात. अख्खी सायकल नाही, फक्त चेन. काढा, रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, जुन्या ब्रशने घासा. साडेसात झाले की अर्धवट असली तरी थांबा. पहिल्यांदा काहीच वाटणार नाही, कदाचित कंटाळाही येईल, आणि ‘याने काय होणार’ हा विचार हमखास येईल. तो आला म्हणून थांबू नका आणि त्याच्याशी वादही घालू नका. पुढच्या शनिवारी चाकं. ब्रेक त्यानंतर, ते किचकट काम आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. मध्येच कधी हात काळे असताना बरं वाटलं, तर उठून कुणाला सांगायला जाऊ नका, वहीत लिहू नका, पुढचा नट आवळा.

आणि एक राहिलं, जे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या बायकोने आठ महिन्यांत तुम्हाला एक नेमकी, खरी गोष्ट सांगितली आणि तुम्ही ती तक्रार म्हणून प्रश्नात जोडलीत. आज त्यांना विचारा की चिडचिड नक्की केव्हा दिसते. सकाळी त्या आरशाच्या आसपास, की रात्री गुण देताना? उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. सहा आठवड्यांनी त्यांनाच पुन्हा विचारा, फरक पडला का. तुमच्या गुणांपेक्षा मला त्यांचं उत्तर वाचायला आवडेल. जमलं तर इथेच लिहा. सायकलीचं काय झालं तेही.